रिकामा रकाना

"रकाना रिकामा होता म्हणून? केवळ रिकामा होता म्हणून तुम्ही भरलात, अण्णा?"

"मग काय तसाच पाठवायचा?" अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अर्धवट फॉर्म परत येतो, सूनबाई. चाळीस वर्षं मी स्वतः परत पाठवत आलोय."

"तो मी मुद्दाम सोडला होता."

"मुद्दाम सोडलेल्या रकान्यात आडवी रेघ मारतात. नाहीतर 'लागू नाही' असं लिहितात. नुसता रिकामा दिसला की तो राहून गेलेला रकाना."

सूनबाईनं हातातला कागद टेबलावर आपटला. आपटून आपटून कागद किती आपटणार! आवाज झाला तो बांगड्यांचाच.

"आई, हळू. बीपी वाढेल," आतल्या खोलीतून मुलगी म्हणाली.

"माझं काही वाढत नाही."

"तुझं नाही गं, आजोबांचं."

नवरा आरशासमोर उभा राहून शर्टाची बटणं लावत होता. त्याचं चष्म्यांचं दुकान दहाला उघडायचं आणि घरातली भांडणं साधारण साडेनऊला सुरू व्हायची. त्यामुळे कुठल्याही भांडणाचा शेवट त्यानं आजवर पाहिलेला नव्हता. "झालं ते झालं," तो आरशातल्या माणसाला म्हणाला. "आता अण्णांवर ओरडून तो फॉर्म काही परत यायचा नाही."

फॉर्म एका एजन्सीचा होता. माणसं पुरवणाऱ्या. त्यातला अकरावा रकाना असा होता: 'यापूर्वीच्या वरिष्ठांचे नाव, हुद्दा व थेट फोन क्रमांक.' अण्णा निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं अक्षर अजून असं, की पत्ता बघून पत्रानं आपणहून चालत जावं. त्या अक्षरात त्यांनी, सूनबाई दोन महिन्यांपूर्वीपर्यंत जिथं काम करत होती त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसर बाईंचं पूर्ण नाव, हुद्दा, खोली क्रमांक आणि आतला फोन नंबर लिहिला होता. सूनबाईच्या डायरीतून बघून. आणि जागा उरली म्हणून खाली भर घातली होती: 'बोलण्यास सोयीची वेळ, दुपारी तीननंतर.'

सूनबाई चौदा वर्षं हा धंदा करत होती. नोकरी नाही, कॉन्ट्रॅक्ट. कंपन्यांच्या, कचेऱ्यांच्या जुन्या संगणकांत साठलेली माहिती नव्या संगणकांत नीट नेऊन ठेवायची, हे तिचं काम. घर बदलताना सामान हलवतात तसंच. फक्त इथं कपबशी फुटली तर कुणाचा तरी रक्तगट बदलतो. घरात ती सूनबाई, हॉस्पिटलात 'नोंदीवाल्या ताई', आणि एजन्सीच्या लोकांच्या तोंडी 'रिसोर्स'. 'मॅडम, तुमच्यासारखा रिसोर्स आमच्याकडे दुसरा नाही,' असं तिला वर्षातून साठेक वेळा ऐकायला मिळायचं. दरवेळी वेगळ्या माणसाकडून, आणि मागच्यानं काय सांगितलं होतं याचा पुढच्याला पत्ता नसायचा.

या जमातीला ती पुरती ओळखून होती. यातला एकही माणूस संगणकाची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे सांगू शकला नसता. मागच्या वर्षी तो जिमची मेंबरशिप विकत असायचा, पुढच्या वर्षी फ्लॅट विकणार असायचा. मधलं एक वर्ष माणसं. शुक्रवारी संध्याकाळी फोन यायचा, आवाज धापा टाकत असायचा. अर्जंट आहे, क्लायंट तुमच्यावर खूश आहे, सोमवारी रुजू व्हा. सोमवारी तो फोन उचलायचा नाही. मंगळवारी त्याचाच शेजारी त्याच कामासाठी फोन करायचा आणि विचारायचा, "मॅडम, अमुक येतं का तुम्हाला? दहापैकी स्वतःला किती द्याल?"

"तुम्हाला कळतं का त्यातलं?" तिनं एकदा विचारलं होतं.

"नाही."

"मग मी नऊ म्हटलं काय आणि नव्वद म्हटलं काय!"

त्यानं नव्वद लिहून घेतलं.

या सगळ्यातून ती एक गोष्ट शिकली होती, आणि ती एकच पुरेशी होती. नावं द्यायची नाहीत. हे लोक काम आहे म्हणून नावं मागत नाहीत. नावं हवीत म्हणून काम आहे असं सांगतात. कुणाच्या हाताखाली होतात, सध्या कुठं बोलणं चाललंय, तिथं कोण निर्णय घेतं, असं गोड गोड विचारायचं, आणि फोन ठेवला की त्याच साहेबांना दुसरा फोन लावायचा: 'साहेब, आमच्याकडे माणसं आहेत.' म्हणून अकरावा रकाना ती गेली कित्येक वर्षं कोरा सोडत होती. मुलाखत झाली, काम पक्कं झालं की नावं. त्याआधी नाही.

पण या आठवड्यातल्या मंगळवारी तिची दाढ ठणकत होती. गाल सुजून डोळ्याला टेकलेला. दोन महिने हातात काम नव्हतं. हॉस्पिटलच्या बाई महिनाभर म्हणत होत्या, "थांब, कागद वर गेलाय, मंजुरी आली की तू थेट माझ्याकडे. मध्ये कुणी नको." थांब म्हणणाऱ्यांवर घर चालत नाही. तेवढ्यात या एजन्सीच्या माणसानं जुन्या नकाशांच्या संग्रहालयाचं काम पुढं केलं. तीन लाख नकाशे, त्यांची सूची, सगळं नव्या संगणकावर न्यायचं. ऐकूनच तिची दाढ पाच मिनिटं थांबली होती. तिनं फॉर्म भरला, अकरावा रकाना सोडला, खाली सही केली आणि गालावर रुमाल दाबून दातांच्या डॉक्टरकडे निघताना म्हणाली, "अण्णा, एवढं स्कॅन करून पाठवाल?"

स्कॅन करायला अण्णा नातीकडून नुकतेच शिकले होते. त्यांना आनंद झाला. त्यांनी फॉर्म आधी वाचला. भिंग लावून, मागची बारीक अक्षरंसुद्धा. मग अकराव्याशी आले आणि थबकले.

यानंतर जे व्हायचं ते दोन दिवसांत झालं. बुधवारी दुपारी तीननंतर, म्हणजे अगदी सोयीच्या वेळी, एजन्सीनं रेकॉर्ड ऑफिसर बाईंना फोन केला. सूनबाई कशी काम करते असं विचारलं. बाईंनी भरभरून सांगितलं, आणि बोलण्याच्या ओघात, 'आम्हीच तिला परत बोलावतोय' हेही सांगून टाकलं. गुरुवारी सकाळी एजन्सीनं हॉस्पिटलच्या खरेदी विभागाकडे सूनबाईचा सीव्ही रीतसर पाठवला. आम्ही शोधलेला उमेदवार म्हणून. सोबत दुसरा एक स्वस्तातला उमेदवार, आवडनिवड हवी म्हणून.

आणि आज, शुक्रवारी सकाळी, बाईंचा फोन आला होता. आवाज पडलेला. "अगं, तू त्यांच्याकडे कशाला गेलीस? खरेदीवाले म्हणतात, एजन्सीनं नाव दिलंय, तर आता थेट घेता येणार नाही. त्यांच्यातूनच ये. नाहीतर तो दुसरा माणूस घ्या म्हणतात. मला संध्याकाळपर्यंत सांग."

सहा वर्षं ती त्या खोलीत बसली होती. उजव्या हाताला खिडकी, डाव्या हाताला लोखंडी कपाट, ज्याचं कुलूप किल्ली अर्धी बाहेर ओढल्याशिवाय उघडत नाही. खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन तिच्याच कोपरानं गेलेलं. आणि आता एजन्सी तिची त्या खुर्चीशी ओळख करून देणार होती.

"सहा वर्षं मी तिथं काय केलं, सांगितलंय ना मी तुम्हाला?" ती अण्णांना म्हणाली. आता आवाज खाली आला होता, आणि तो जास्त लागत होता. "जुन्या नोंदींत चौदा हजार माणसं एक जानेवारीला जन्मलेली होती. अर्धं गाव एका दिवशी जन्माला येतं का? जन्मतारीख माहीत नव्हती, रकाना रिकामा राहू नये म्हणून कुणी तरी कारकून एक जानेवारी ठोकत गेला. रक्तगट माहीत नसला तर आधीच्या माणसाचा तोच पुढच्याला. सहा वर्षं एकेक केसपेपर काढून मी हे निस्तरत होते. आणि माझ्या घरात..."

अण्णांनी चष्मा कपाळावरून उतरवला, पुसला आणि डोळ्यांवर न लावता खिशात ठेवला.

"मागचं वाचलंत ना तुम्ही?" नवऱ्यानं विचारलं. "बारीक अक्षरातलं? त्यात काय होतं?"

"होतं ना. त्यांनी नाव पाठवल्यापासून सहा महिने त्या ठिकाणी तिला थेट काम करता येणार नाही. कलम नऊ. मी खाली पेन्सिलनं रेघ पण मारली होती."

"वाचलं होतंत, रेघ मारली होतीत, तरी नाव लिहिलंत?"

"रकाना रिकामा होता रे," अण्णा म्हणाले.

नवऱ्यानं बूट घातले. दारात उभं राहून त्यानं आपलं मत दिलं, कारण मत दिल्याशिवाय तो दुकानात जात नसे. "हे बघ, एजन्सीतून जा. पाचवा हिस्सा त्यांचा जाईल, चार तर आपले राहतील. खुर्ची तीच, काम तेच. तुला काय फरक पडतो?"

"तुझ्या दुकानात उद्या कुणी येऊन म्हणालं, की हे दुकान मीच तुला शोधून दिलं, तर?"

"तर मी विचार करीन."

"कर जा विचार."

तो गेला. सूनबाईनं पर्स उचलली. एजन्सीत समोर बसून फॉर्म मागे घ्यायचा, एवढं तिच्या डोक्यात होतं. चपला घालत होती तर अण्णा इस्त्रीचा सदरा घालून दारात. काखेत फाइल.

"तुम्ही कुठं?"

"फॉर्म मी पाठवला," अण्णा म्हणाले. "परत घ्यायला मला यायला हवं."

एजन्सीचं ऑफिस सातव्या मजल्यावर होतं. काचेच्या भिंती, प्लॅस्टिकची झाडं, त्यांच्या पानांवर खरी धूळ. लांबलचक टेबलांवर पंधरा-वीस पोरं-पोरी कानाला फोन लावून एकाच सुरात बोलत होती. भिंतीवर पितळी घंटा टांगलेली.

सूनबाईला फोन करणारा माणूस हसत हसत पुढं आला. दिवसाच्या कुठल्याही वेळी तो 'हॅपी मॉर्निंग!' म्हणायचा, म्हणून मुलीनं त्याचं नाव हॅपी मॉर्निंगच ठेवलं होतं. प्रत्यक्षात तो फोनवरच्यापेक्षा बुटका आणि जास्त चकचकीत निघाला.

"हॅपी मॉर्निंग मॅडम! अभिनंदन! हॉस्पिटलकडून एकदम पॉझिटिव्ह आहे. तुमच्यासाठी आम्ही किती फॉलोअप घेतला, काय सांगू!"

"माझं तिथलं काम तुम्ही मिळवून दिलंत?"

"टीमवर्क, मॅडम."

त्यानं कागद पुढं सरकवला. तिचाच सीव्ही, पण तिच्या नावाआधी 'उमेदवार क्रमांक चार' घातलेलं, वर एजन्सीचं बोधचिन्ह. मधे एक ओळ नवी होती: बारा जणांच्या टीमचं नेतृत्व. सूनबाईनं आयुष्यात एका प्रिंटरचं नेतृत्व केलं होतं, आणि तोही ऐकत नसे.

"हे बारा जण कोण?"

"ते थोडं वजन येतं ना, मॅडम."

तेवढ्यात घंटा घणघणली. सगळी पोरं उठून टाळ्या वाजवायला लागली. अण्णा फाइल छातीशी धरून ताडकन उभे राहिले.

"आग लागली का कुठं?"

"नाही हो काका, प्लेसमेंट झाली! एक माणूस लागला की घंटा वाजवतो आम्ही."

"आणि निघाला की?"

हॅपी मॉर्निंगला हे हसण्यावारी न्यावं की काय ते कळेना. त्यानं चहा मागवू का विचारलं.

"चहा नको," अण्णा बसत म्हणाले. "आमच्या फॉर्मचा आवक क्रमांक काय?"

"आवक...?"

"मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी फॉर्म पाठवला. तो कुणी घेतला, किती वाजता, कुठल्या वहीत चढवला?"

"सिस्टिममध्ये आहे ना, काका."

"मग सिस्टिममध्ये बघून सांगा."

त्यानं स्क्रीनवर इकडेतिकडे केलं. मग मान वर केली, पुन्हा हसला. सूनबाईनं फॉर्म मागे घेत असल्याचं सांगितलं. त्यानं खूप दुःखी चेहरा करून, तो आता घेता येणार नाही असं सांगितलं. नाव गेलंय, सही आहे, कलम नऊ आहे. "पण तुम्ही नकारात्मक का बघता, मॅडम? आमच्यातून जाण्यात सगळ्यांचाच फायदा आहे."

"फॉर्म नकाशांच्या कामासाठी होता," अण्णा म्हणाले. "ते कुठल्या कचेरीचं?"

"ते कॉन्फिडेन्शियल असतं, काका."

"बरं. काम कधी सुरू?"

"ते सध्या होल्डवर आहे."

"होल्डवर ठेवल्याचा कागद असेल. तारीख सांगा त्याची."

अण्णांनी फाइल उघडली. आत पट्टीनं आखलेला एक कागद होता. घरातल्या भांडणानंतर, ती तोंड धूत असताना, त्यांनी तो बसून आखला असावा. वर ठळक अक्षरात 'चौकशी करणाऱ्याने भरावयाची माहिती'. खाली नऊ रकाने: आपले नाव, संस्था, काम कुठल्या कचेरीचे, ते कुणी मंजूर केले, मंजुरीची तारीख, सुरू होण्याची तारीख, यापूर्वी हेच काम आणखी कुणाला सांगितले, असं करत करत शेवटपर्यंत. त्यांनी तो फिरवून हॅपी मॉर्निंगपुढे ठेवला आणि स्वतःच्या पेनाचं टोपण काढून पेन दिला.

"भरा."

त्यानं आपलं नाव लिहिलं. संस्था लिहिली. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबला.

"माहिती नसेल तर आडवी रेघ मारा," अण्णा समजावणीच्या सुरात म्हणाले. "रिकामं सोडू नका."

चौदा वर्षांत सूनबाईनं या लोकांना हसताना, आर्जवं करताना, मधाचं बोट लावताना, अंगावर येताना पाहिलं होतं. गप्प झालेलं कधी पाहिलं नव्हतं. हा माणूस गप्प होता. त्याचे कान लाल झाले होते. शेजारच्या टेबलावरची पोरगी फोनवर कुणाला तरी 'एकदम परफेक्ट मॅच' म्हणत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग घंटेकडे पाहिलं, आणि मग 'एक अर्जंट कॉल घेऊन येतो' म्हणून उठला. ती दोघं वीस मिनिटं बसली. तो आला नाही. एका मुलीनं येऊन सांगितलं की सर मीटिंगमध्ये आहेत.

"कुठल्या मीटिंगमध्ये?" अण्णांनी विचारलं. ती मुलगीही गेली.

अण्णांनी कागद काढून घेतला. उरलेल्या सात रकान्यांत एकेक आडवी रेघ मारली, तारीख घातली आणि फाइलमध्ये ठेवला.

लिफ्टमध्ये दोघंच होती. पाचव्या मजल्यावर अण्णा म्हणाले, "माझ्या वेळी असा फॉर्म खिडकीवर आला असता ना, की ज्यात मागणाराच स्वतःविषयी काही सांगत नाही, तर मी घेतला नसता. मंगळवारी मी रकाने मोजले. कोण विचारतोय ते बघितलं नाही."

खाली आल्यावर तिनं त्यांची फाइल आपल्या हातात घेतली, एवढंच.

घरी आल्यावर तिनं बाईंना फोन लावला. "मी त्यांच्यातून येणार नाही, बाई. सहा महिन्यांनी मी मोकळी आहे. तोवर जमलं तर थांबवा."

"थांबवता येणार नाही गं," बाई म्हणाल्या. "वर्षाअखेर सगळं हलवायचंय. तो दुसरा येईल. माहीत नाही काय दिवे लावतो."

"त्याला एवढं सांगा, की शेऱ्याच्या रकान्यात रक्तगट आहेत. शेरा म्हणून उडवू नको म्हणावं. आणि एक जानेवारीवाले अजून चार हजार आहेत."

"तू लिहून देतेस?"

"देते," सूनबाई म्हणाली. ते तिनं त्याच दुपारी बसून लिहिलं, दोन पानं. कपाटाच्या कुलपाचंही लिहिलं. लिहिताना तिचं नाक दोनदा वाहिलं. ते दाढेमुळे असं तिनं मुलीला सांगितलं.

संध्याकाळी दुकान बंद करून नवरा आला. टेबलावर चौघांची ताटं होती. अण्णांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि आताही ते भाताचे डोंगर करत बसले होते.

"मग? काय ठरलं?" नवऱ्यानं विचारलं. "चार हिस्से की शून्य?"

बाजूला ठेवलेला फोन वाजला. अनोळखी नंबर. शुक्रवार संध्याकाळ, कुणाचा असणार ते सगळ्यांनाच कळलं. सूनबाईनं तो उचलला नाही. तिनं तो ताटांवरून पलीकडे सरकवला आणि अण्णांच्या पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवला. मग उठून फाइल आणली, आतला तो आखलेला कागद काढला आणि मुलीला दिला.

"याच्या पन्नास प्रती काढून आण उद्या."

"कशाला?"

"हॉस्पिटलला मी नाही म्हणून कळवलंय," सूनबाई म्हणाली आणि पानात भाजी वाढून घेतली. "सहा महिने मिळतील ती लहान कामं करीन, थेट मिळतील तीच. आणि आजपासून माझा फोन अण्णा घेतील. नऊच्या नऊ रकाने भरल्याशिवाय कुणालाही माझ्याशी बोलता येणार नाही."